साबणाचा वास, सिरिंजमधली साय आणि रेंगाळलेलं वजन

पत्र

ताई,
माझी मुलगी २९व्या आठवड्यात झाली. जन्माचं वजन ११८० ग्रॅम, आज अठराव्या दिवशी १२५०. एनआयसीयूत आहे, नळीने दूध घेते. मी दिवसातून सहा वेळा पंपाने दूध काढून देते, जास्तीचं घरी फ्रीझरमध्ये ठेवते. परवा एक बाटली वितळवली तर तिला चक्क साबणाचा वास! नासलं समजून नऊच्या नऊ बाटल्या ओतून दिल्या आणि रात्रभर रडले. मध्ये दोन दिवस दूध कमी पडलं तेव्हा मिल्क बँकेचं दिलं. ते तापवलेलं असतं म्हणे, मग त्यात उरतं काय? आता डॉक्टर म्हणतात, गेल्या आठवड्यात वजन रोज जेमतेम १२ ग्रॅम वाढलं, दुधात पावडर घालू. म्हणजे माझं दूध पातळ आहे का? सासूबाई म्हणतात, शिळं दूध अंगी कसं लागणार? नवरा म्हणतो, सरळ डब्याचं दूध सुरू करू. पहिल्या तीन दिवसांचं चीकदूध बाळ तेव्हा काहीच घेत नव्हतं म्हणून वॉर्डातल्या फ्रीझरमध्ये ठेवलंय. तेही आता टाकायचं का?
— एक आई

उत्तर

चीकदूध टाकू नका. त्याच्याबद्दल शेवटी लिहिते, पण हे वाचून होईपर्यंत कुणी ते ओतून द्यायला नको म्हणून आधीच सांगितलं.

आता त्या नऊ बाटल्या. ते दूध बहुधा नासलेलं नव्हतंच. आईच्या दुधात चरबी फोडणारी एन्झाइम असतात, त्यांना लायपेज म्हणतात. त्यातलं एक दूध बाटलीत गेल्यापासूनच कामाला लागतं. उणे २० अंशांवर जीवाणूंची वाढ थांबते, पण हे एन्झाइम पुरतं थांबत नाही, हळूहळू चरबी फोडत राहतं. त्यातून फॅटी अ‍ॅसिडं सुटी होतात आणि वास येतो तो त्यांचा. साबणही फॅटी अ‍ॅसिडांपासूनच बनतो, तेव्हा तुमच्या नाकाने चूक केली नाही, फक्त अर्थ चुकीचा लागला. काही बायकांच्या दुधाला हा वास आठवड्याभरातच येतो, काहींच्या महिन्यांनीही येत नाही. खरंच नासलेल्या दुधाचा वास आंबूस असतो, घशाशी येणारा. तो एकदा घेतला की दोन्हींत गल्लत होत नाही. आणि तुमची मुलगी नळीने दूध घेते, तिला चवीचा प्रश्नच नाही.

एक धोक्याची सूचना. हा वास येऊ नये म्हणून दूध काढल्याबरोबर कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा आणि मग गोठवा, असा सल्ला तुम्हाला कुठे ना कुठे वाचायला मिळेलच. दिवस भरून जन्मलेलं, अंगावर पिणारं, धडधाकट बाळ वासामुळे दूध नाकारत असेल तर त्याच्यासाठी तो ठीक आहे. तुमच्या मुलीसाठी नाही. त्याचं कारण आहे दुसरं लायपेज.

हे दुसरं लायपेज बाटलीत जवळजवळ गप्प असतं. त्याला पित्त लागतं. दूध बाळाच्या आतड्यात उतरलं, पित्ताशी गाठ पडली, की ते जागं होतं. एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचं स्वादुपिंड चरबी पचवणारे रस फारच कमी तयार करतं. ती उणीव आईच्या दुधातलं हे एन्झाइम भरून काढतं. दुधाबरोबर दूध पचवायचं हत्यारही येतं, अशी ही सोय. दूध नीट तापवलं की हे हत्यार बोथट होत नाही, साफ नाहीसं होतं.

इथून मिल्क बँकेच्या दुधाकडे जाता येतं. बँकेत दूध ६२.५ अंश सेल्सियसला ३० मिनिटं धरून ठेवतात आणि मग झटकन थंड करतात. या पद्धतीला 'होल्डर' पाश्चरायझेशन म्हणतात. (होल्डर कुणा शास्त्रज्ञाचं नाव असेल अशी माझीही बरीच वर्षं समजूत होती. दूध त्या तापमानाला 'होल्ड' करतात, एवढाच त्याचा अर्थ.) हे करावंच लागतं, कारण दूध दुसऱ्या बाईचं असतं आणि त्यातून एचआयव्ही, सायटोमेगॅलोव्हायरस यांसारखे विषाणू किंवा त्रासदायक जीवाणू तुमच्या मुलीपर्यंत पोहोचून चालणार नाही. त्याची किंमत मोजावी लागते. दोन्ही लायपेज जातात. जिवंत पेशी मरतात. जीवाणूंशी लढणारं लॅक्टोफेरिन नावाचं प्रोटीन बरंचसं जातं. आयजीए ही अँटिबॉडी घटते, पण तिचा चांगला मोठा भाग टिकतो. व्हिटॅमिन सी आणि फोलेट कमी होतात.

उरतं काय? पुष्कळ. दुधातली साखर तशीच राहते. मेंदूला आणि डोळ्यांना लागणारी लांब साखळीची फॅटी अ‍ॅसिडं राहतात. आणि ऑलिगोसॅकराइड्स राहतात. या साखरा बाळाला पचतच नाहीत, त्या आतड्यातल्या चांगल्या जीवाणूंचं खाद्य आहेत. त्यांना ६२.५ अंशांनी काही होत नाही. म्हणून ते दूध 'मेलेलं' नाही. चरबी त्यात असते, पण ती पचवणारं एन्झाइम गेलेलं असल्यामुळे अंगी कमी लागते, म्हणून त्यावर वजन सावकाश वाढतं. हे एन्झाइम बाहेर तयार करून दुधात परत घालून पाहण्याचेही प्रयत्न झाले. मोठ्या चाचणीत वजनवाढीत म्हणावा तसा फरक पडला नाही, म्हणून ती वाट सध्या तरी तिथेच थांबली आहे. ७२ अंशांना फक्त १५ सेकंद तापवणं किंवा न तापवता प्रचंड दाबाखाली ठेवणं अशा नव्या पद्धतींनी जास्त काही वाचतं, पण तुमच्या वॉर्डात येणारं दूध होल्डरचंच आहे असं धरून चाला.

बँकेच्या दुधाची आणखी एक गोष्ट आयांना कुणी सांगत नाही. दूध देणाऱ्या बायका बहुतेक दिवस भरून बाळंत झालेल्या असतात आणि त्यांचं बाळ काही महिन्यांचं झालेलं असतं. तोवर दुधातलं प्रोटीन कमी होत आलेलं असतं, १०० मिलीला साधारण १ ग्रॅमच्या आसपास. तुमच्यासारख्या लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात पहिले काही आठवडे त्यापेक्षा जास्त प्रोटीन असतं. तेव्हा तुमचं दूध पातळ आहे का, याचं उत्तर नाही असं आहे. ते बँकेच्या दुधापेक्षा दाट आहे.

आता सासूबाईंचं 'शिळं'. तो शब्द पूर्ण चुकीचा नाही, पण सगळ्या साठवणीला सरसकट लागू पडत नाही. वॉर्डातल्या ४ अंशांच्या फ्रिजमध्ये दूध ९६ तासांपर्यंत तपासून पाहिलं गेलंय. पांढऱ्या पेशी कमी होतात, थोडी फॅटी अ‍ॅसिडं सुटी होतात, पण आयजीए, लॅक्टोफेरिन आणि चरबी जागच्या जागी असतात. जीवाणू वाढायच्या ऐवजी काही अंशी घटतात, कारण दूध स्वतःच त्यांच्याशी लढत असतं. तुमच्या वॉर्डाचा नियम ४८ तासांचा असेल तर ४८ पाळा, त्यावरून वाद घालू नका. फ्रीझरमध्ये मात्र जास्त काही हरवतं. पेशी मरतात, व्हिटॅमिन सी घटतं आणि चरबीच्या थेंबांभोवतीचं नाजूक आवरण बर्फामुळे फाटतं. म्हणून क्रम साधा आहे: आज काढलेलं ताजं दूध आधी, मग फ्रिजमधलं, मग गोठवलेलं, त्यानंतर बँकेचं. कित्येक ठिकाणी उलटं होतं. जुना साठा संपवायचा म्हणून गोठवलेलं आधी देतात आणि ताजं नेऊन गोठवतात. तुमच्याकडे असं होत असेल तर सिस्टरांना नक्की विचारा. काही वॉर्डांत फार लहान बाळांसाठी सायटोमेगॅलोव्हायरसच्या भीतीने आईचं दूधही मुद्दाम गोठवून देतात. त्याने विषाणू कमी होतो, पूर्ण जात नाही. तसं काही कारण असेल तर ते तुम्हाला सांगतील.

आवरण फाटलं की काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघा. पुढच्या फीडनंतर रिकामी सिरिंज टाकण्याआधी मागून घ्या आणि उजेडासमोर धरा. आतल्या भिंतीला पिवळट, तेलकट कडं दिसेल. बोट फिरवलंत तर बुळबुळीत लागेल. ती तुमच्या दुधातली साय आहे, आणि ती मुलीच्या पोटात गेलेली नाही.

मी दूधकक्षात काम करायचे तेव्हा हे कडं रोज पाहायचे आणि रोज टाकून द्यायचे. त्याची बेरीज करावी हे सुचायला मला काही वर्षं लागली. आज करून दाखवते. तुमची मुलगी दर किलोला १६० मिली दूध घेत असेल असं धरू. १०० मिलीत साडेतीन ग्रॅम चरबी धरली तर किलोमागे साडेपाच ग्रॅमहून जरा जास्त, म्हणजे ५० किलोकॅलरी. दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा ही अशी चरबीत असते. तिचा पाचवा हिस्सा भांड्यांना आणि नळीला चिकटून राहिला तर दर किलोमागे १० किलोकॅलरी गेल्या. एवढ्याशा जिवाला १० किलोकॅलरी पुष्कळ झाल्या. आणि पाचवा हिस्सा हा काही अतिरेकी अंदाज नाही. सिरिंज आपोआप ढकलणाऱ्या पंपावर तासन्‌तास थेंब थेंब दूध सोडलं तर त्याहूनही जास्त चरबी वाटेत राहू शकते.

कारण साधं आहे. दूध एकाजागी स्थिर राहिलं की चरबी वर तरंगते. सिरिंज पंपावर आडवी ठेवलेली असते, तिचं तोंड मध्यावर किंवा खाली असेल तर आधी निळसर पाणीदार दूध निघून जातं आणि साय शेवटपर्यंत आत बसून राहते. तेव्हा सिस्टरांना विचारण्यासारख्या गोष्टी अशा. फीड एकदम, गुरुत्वाकर्षणाने सोडता येईल का? पंपच हवा असेल तर सिरिंजचं तोंड वरच्या बाजूला राहील असा तो तिरका ठेवता येईल का? नळी आखूड लावता येईल का? यातलं बाळाला काय झेपेल हे डॉक्टरच ठरवतील. पोट फुगत असेल तर सावकाशच सोडावं लागतं. पण प्रश्न विचारायला काही हरकत नाही आणि चांगल्या वॉर्डात त्याचा कुणाला राग येत नाही.

तुमच्या हातातल्या गोष्टीही आहेत. दूध या भांड्यातून त्या भांड्यात जितक्या वेळा ओताल तितक्या वेळा थोडी साय मागे राहते, म्हणून पंपाची बाटली आणि साठवणीची बाटली एकच असली तर उत्तम. पातळ पिशव्यांपेक्षा झाकणाच्या कडक बाटल्या बऱ्या. एकेका फीडला पुरेल एवढंच एका बाटलीत ठेवा, म्हणजे वितळवलेलं वाया जात नाही. वितळवायचं ते फ्रिजमध्ये रात्रभर किंवा कोमट पाण्यात, अंगाला लागेल इतपतच, ४० अंशांच्या वर नाही. मी एकदा घाईघाईत वाटीत कढत पाणी घेतलं, फोन आला आणि बाटली तशीच विसरले. परत आले तेव्हा ती हातात धरवत नव्हती. त्या आईने रात्री तीनला उठून काढलेलं दूध होतं ते. मायक्रोवेव्हचं तर नावच काढू नका, त्यात दूध एका कोपऱ्यात उकळतं आणि अँटिबॉडी आधी मरतात. वितळलेलं दूध २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. देण्याआधी बाटली गोल गोल हलकेच फिरवा, साय परत मिसळेल. उजेडाचंही लक्षात ठेवा. दूध नळीत असताना कडक प्रकाश पडला तर त्यातलं रिबोफ्लेविन (व्हिटॅमिन बी२) आणि व्हिटॅमिन ए घटतं. काविळीच्या दिव्याखाली बाळ असेल तर नळी आणि सिरिंज झाकता येते.

पावडरीबद्दल तुम्ही जे मनाला लावून घेतलंय ते काढून टाका. हा हिशेबाचा प्रश्न आहे. पोटात अजून असती तर या दिवसांत तुमची मुलगी नाळेतून दिवसरात्र प्रोटीन, कॅल्शियम आणि फॉस्फरस ओढून घेत राहिली असती. बाळाच्या हाडांतलं बहुतेक खनिज शेवटच्या तीन महिन्यांत साठतं. तिला रोज किलोमागे साडेतीन ते चार ग्रॅम प्रोटीन आणि ११५ ते १४० किलोकॅलरी लागतात. १६० मिली आईचं दूध, १०० मिलीत सव्वा ग्रॅम प्रोटीन धरलं, तर देतं दोन ग्रॅम. ऊर्जा साधारण १०७, तीही साय अजिबात चिकटली नाही तर. कोणत्याही आईचं कितीही चांगलं दूध हा आकडा गाठू शकत नाही, कारण ते दिवस भरलेल्या, ढेकर देऊन झोपणाऱ्या बाळासाठी बनलेलं असतं. फॉर्टिफायर, म्हणजे डॉक्टर म्हणतात ती पावडर, ती तफावत भरतो, प्रोटीन, कॅल्शियम, फॉस्फरस घालून. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ च्या शिफारशींत ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना तो देण्याचा विचार करावा असं म्हटलंय. डॉक्टरांना हो म्हणा. फक्त पावडर फीडच्या आधीच मिसळली जाते का ते बघा. मिसळून ठेवलं की दुधातली एन्झाइम पावडरीतल्या पिष्टाचे तुकडे करत राहतात, दूध आतड्याला जड होत जातं, आणि जीवाणूंशी लढण्याची ताकदही कमी होते.

१२५० ग्रॅमच्या बाळाचं वजन रोज किलोमागे १५ ते २० ग्रॅम वाढावं, म्हणजे तिचं १९ ते २५. १२ कमीच आहे. पण बघा, प्रोटीनची तफावत, दोन दिवस बँकेचं दूध आणि सिरिंजमधली साय एवढं धरलं की बाकीचा हिशेब लागतो. पावडर सुरू होऊन आठवडाभरातही आकडा हलला नाही तर मात्र डॉक्टरांना पुढची कारणं शोधू द्या.

नवऱ्याचं म्हणणं तुम्ही झिडकारू नका, ते अर्धं खरं आहे. डब्याच्या दुधावर वजन झपाट्याने वाढतं. पण लवकर जन्मलेल्या बाळांच्या आतड्याला एक आजार होतो, त्याला थोडक्यात एनईसी म्हणतात. आतड्याला सूज येते, त्याचा भाग मरू लागतो, कधी ऑपरेशन करावं लागतं, बाळं दगावतातही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांच्या आईचं दूध फार कमी होतं अशा ४८३ अतिलहान बाळांपैकी निम्म्यांना बँकेचं दूध दिलं, निम्म्यांना त्यांच्यासाठी बनवलेलं डब्याचं. पुढे सुमारे दोन वर्षांच्या वयात मेंदूच्या वाढीत फरक नव्हता. वजन डब्याच्या दुधावर जास्त वाढलं होतं. पण एनईसी बँकेच्या दुधावर ४.२ टक्के बाळांना झाला आणि डब्याच्या दुधावर ९ टक्के. हे आकडे नवऱ्याला दाखवा आणि हेही सांगा की तुमचं स्वतःचं दूध बँकेच्या दुधाहून वरचं आहे, म्हणून पैसा आणि वेळ चांगल्या पंपावर घालवावा.

सहा वेळा काढता ते आठवर न्या, त्यातली एक वेळ रात्रीची. मध्ये पाच तासांहून मोठी फट नको. मुलीला छातीशी कांगारूसारखं धरल्यावर लगेच पंप लावून बघा, त्या वेळी बहुधा जास्त निघतं. एका वेळचं दूध दोन बाटल्यांत काढा, पहिली काही मिनिटं एकीत, उरलेलं दुसरीत. मागच्या दुधात चरबी दुपटीहून जास्त असते. दूध गरजेपेक्षा जास्त येऊ लागलं तर ते मागचं दूध मुलीला आणि पुढचं फ्रीझरला, अशी व्यवस्था डॉक्टरांना विचारून करता येते. आज तुम्हाला कमी पडतंय, तेव्हा तूर्त दोन्ही तिलाच.

आणि ते चीकदूध. तीन दिवसांत जेमतेम काही मिली निघालं असेल, पण त्यात अँटिबॉडी पुढच्या दुधाच्या कित्येक पट असतात, आणि गोठवल्यानंतरही त्यातल्या बऱ्याचशा शाबूत राहतात. सिस्टरांना सांगा, आधी ते वापरू. पोटात नळीने देता येतं आणि काही वॉर्डांत थेंब थेंब गालाच्या आतून लावतात. फक्त जाऊन सिरिंजवरचं लेबल बघा. नाव, तारीख, वेळ. फ्रीझरच्या दमटपणाने शाई पुसली जाते, आणि कुणाचं ते कळत नसलेलं दूध वॉर्ड कुणालाही देत नाही. पुसट झालं असेल तर आजच सिस्टरांसमोर नवीन चिकटवून घ्या.